जो चांगला, तो जाणार: स्वतंत्र बेसबॉल लीगचा हंगाम कसा पाहावा

बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले तेव्हा मे महिना होता. विमानाचा शीण उतरायच्या आत मी त्यांना शॉमबर्गच्या मैदानावर नेलं. अंगात दोन स्वेटर, वर माझं जाड जाकीट, कानाला मफलर. तिसऱ्या इनिंगपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "हा बॅट टाकून का पळतोय? आणि धावा कुठायत?" ऑगस्टमध्ये हेच गृहस्थ मांडीवर पॅड घेऊन प्रत्येक फलंदाजाची नोंद करत होते. मी खायला आणायला गेलो आणि परत येऊन काय झालं विचारलं, तर मान वर न करता म्हणायचे, "कार्डात बघ."

मधल्या तीन महिन्यांत आम्ही जे शिकलो ते इथे मांडतोय. अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी, आणि उन्हाळ्यात आलेल्या आई-बाबांना मॉल आणि मंदिर सोडून आणखी कुठे न्यावं हा प्रश्न पडलेल्यांसाठी. मी राहतो शिकागोच्या वायव्य उपनगरात, त्यामुळे उदाहरणं इथलीच जास्त येतील.

आधी ‘स्वतंत्र’ म्हणजे काय ते

मेजर लीग बेसबॉल ही इथली सर्वांत वरची लीग, तिचे ३० क्लब आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगमधले चार संघ, म्हणजे एकूण १२०. तिथल्या खेळाडूचा पगार वरचा क्लब देतो आणि तो कुठे खेळणार, किती चेंडू टाकणार हेही वरूनच ठरतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झकास टाकत असला तरी ठरलेले चेंडू झाले की त्याला बसवतात. सामना गेला तर गेला, पोराचा खांदा टिकला पाहिजे. ती रोपवाटिका आहे.

स्वतंत्र लीगमधल्या संघाला वर मायबाप कोणी नाही. तिकिटं, बिअर, कुंपणावरच्या जाहिराती यांतून जे येईल त्यात भागवायचं. मॅनेजर फोन फिरवून स्वतः खेळाडू गोळा करतो. त्याला जिंकायचंच असतं, हरणाऱ्या संघाकडे कोण फिरकणार? खेळाडूला मात्र इथून निघायचं असतं. एखाद्या मेजर क्लबने करार विकत घेऊन आपल्या मायनर संघात न्यावं, यासाठी तो इथे आलेला असतो. गंमत म्हणजे त्याला न्या म्हणून मेजर क्लबांना फोन करणारा बहुतेक वेळा हाच मॅनेजर असतो. आपला सर्वांत चांगला माणूस गमावण्यासाठी धडपडणारा मॅनेजर मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही. ही एक गोष्ट डोक्यात ठेवलीत तर पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

इथे खेळणारे कोण? कॉलेज संपलं पण ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, नाव आलं नाही, असे. मायनरमधून नारळ मिळालेले. दुखापतीतून उठून पुन्हा उभे राहू पाहणारे. २०२१ पासून अशांची संख्या वाढली, कारण पूर्वी ४० फेऱ्यांचा असलेला ड्राफ्ट २० फेऱ्यांवर आला आणि मायनर लीगमधले संघही त्याच वर्षी १६० वरून १२० झाले. शिकागोजवळ जिनिव्हाचा केन काउंटी कूगर्स हा संघ त्याच फेरबदलात मेजर क्लबाची छत्री गमावून स्वतंत्र लीगमध्ये आला.

इथून वर पोचलेल्यांची दोन उदाहरणं पुरेत. डॅनियल नाव्हाला कोणीच ड्राफ्ट केलं नव्हतं. तो कॅलिफोर्नियातल्या चिको आउटलॉज या स्वतंत्र संघात खेळत होता. बॉस्टन रेड सॉक्सने त्याचे हक्क घेताना मोजला १ डॉलर. १२ जून २०१० ला मेजर लीगमधल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर, तिन्ही बेसवर (धावणाऱ्यांच्या थांब्यांवर) माणसं असताना त्याने होमरन, म्हणजे कुंपणापलीकडे फटका, मारला. एका फटक्यात चार धावा. दुसरा रिच हिल. २०१५ साली पस्तिशीत तो लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र संघाकडून दोन सामन्यांत पिचिंग करायला उतरला. त्याच सप्टेंबरमध्ये बॉस्टनकडून मेजर लीगमध्ये आणि पुढच्या हंगामासाठी ओकलंडशी ६० लाख डॉलरचा करार. हे अपवाद आहेत हे मैदानावरचं प्रत्येक पोरगं जाणतं, तरी रोज सराव करतं.

लीग ओळखा, मग एकच संघ धरा

मेजर लीग बेसबॉलने ज्यांना भागीदार मानलंय अशा स्वतंत्र लीग चार. फ्रंटियर लीग १९९३ पासून चालू आहे, मिडवेस्टपासून न्यू जर्सी आणि कॅनडातल्या क्युबेकपर्यंत पसरलेली. अमेरिकन असोसिएशन शिकागो ते विनिपेग, खाली टेक्सासपर्यंत. अटलांटिक लीग पूर्व किनाऱ्याकडची, तिथे मेजर लीग खेळून आलेले मुरलेले चेहरे जास्त दिसतात. पायोनियर लीग मोंटाना, आयडाहो वगैरे डोंगराळ भागातली, आता कॅलिफोर्नियातही शिरलेली.

शिकागोकरांची चंगळ आहे. शॉमबर्गचे बूमर्स फ्रंटियर लीगमध्ये, रोझमाँटचे शिकागो डॉग्ज अमेरिकन असोसिएशनमध्ये, शिवाय जिनिव्हा, जोलिएट, क्रेस्टवुड. डॉग्जचं मैदान ओहेअर विमानतळाला इतकं लागून आहे की बाबा अर्धा वेळ विमानांच्या शेपट्यांवरची नावं वाचत बसले होते. आम्ही शेवटी बूमर्स धरले. एक तर घरापासून दहा मिनिटं, दुसरं म्हणजे मेट्रा या लोकल रेल्वेचं शॉमबर्ग स्टेशन मैदानाच्या शेजारीच, म्हणजे गाडी न चालवणाऱ्या माणसालाही एकट्याने जाता येतं. मैदानाची मापं मेजर लीगमधल्या शिकागो कब्जच्या रिग्ली फील्डची आहेत, बिल्ला प्रेअरी चिकन नावाच्या इथल्या माळरानावरच्या पक्ष्याचा. २०१२ पासून संघ आहे आणि चार वेळा लीग जिंकलाय: २०१३, २०१४, २०१७ आणि २०२१.

न्यू जर्सीत असाल तर एक घोटाळा टाळा. ब्रिजवॉटरचे सॉमरसेट पेट्रियट्स पूर्वी अटलांटिक लीगचे दादा होते, पण २०२१ पासून ते न्यूयॉर्क यँकीजचे मायनर संघ आहेत. उत्तम मैदान, जरूर जा, फक्त ते आता स्वतंत्र नाहीत. त्यापेक्षा पॅटरसनला हिंचलिफ स्टेडियम बघा. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगचं दार बंद होतं त्या काळात त्यांचे संघ इथे खेळायचे. १९३२ चं हे मैदान कित्येक वर्षं पडीक होतं, ते २०२३ मध्ये दुरुस्त होऊन जॅकल्स संघासाठी उघडलं.

आणि भारतातून वाचणाऱ्यांसाठी: दुबईत २०२५ च्या हिवाळ्यात बेसबॉल युनायटेड नावाच्या लीगचा पहिला हंगाम झाला. चार संघांपैकी एकाचं नाव मुंबई कोब्राज. नावापुरती का होईना, मुंबई आहे.

सुरुवातीला सगळे संघ बघायचा मोह होतो. करू नका. एकाच संघाचे आठ-दहा सामने बघा, मे ते सप्टेंबर पसरून. सीझन तिकीट पहिल्याच वर्षी घेऊ नका. फ्रंटियर आणि अमेरिकन असोसिएशनचा हंगाम शंभराच्या आसपास सामन्यांचा असतो, निम्मे घरच्या मैदानावर. पन्नास संध्याकाळी कोणाकडे असतात?

मैदानावर

सामने बहुतेक मंगळवार ते रविवार, एकाच पाहुण्या संघाशी लागोपाठ तीन. आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, रविवारी दुपारी. शुक्रवार-शनिवारी सामन्यानंतर फटाके असतात, गर्दीही तेव्हाच. खेळ नीट बघायचा असेल तर मंगळवार किंवा बुधवार गाठा. पिचरच्या चेंडूचा कॅचरच्या ग्लव्हमध्ये पडताना होणारा फट्ट आवाज रिकाम्या मैदानात काय घुमतो!

पहिल्यांदा जाल तेव्हा होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे थोडं वर बसा. चेंडू वळतो, बुडतो ते तिथूनच दिसतं. डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) बाजूला बसलात तर मोबाइल खिशात ठेवा. फटका चुकून प्रेक्षकांत येणारा चेंडू डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो, आणि जाळी सगळीकडे नसते. तो चेंडू ज्याच्या हाती लागला त्याचा. बाबांनी पहिला चेंडू अगदी सवयीने मैदानात परत फेकला. आजूबाजूचे लोक इतके कळवळले की एका मावशींनी आपल्या नातवाच्या पिशवीतला जुना चेंडू काढून त्यांच्या हातात ठेवला.

खाण्याचं सरळ सांगतो. शिकागोत हॉट डॉग म्हटलं की सहसा गोमांस. चालत नसेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. शाकाहाऱ्यांना नाचोज, फ्रेंच फ्राइज, पॉपकॉर्न, मोठं खारं प्रेट्झेल आणि सालासकट भाजलेले दाणे. दाण्यांची टरफलं पायाशीच टाकायची, हीच रीत आहे. हे कळल्यावर आईला जो आनंद झाला तो सामन्याने झाला नव्हता. बाहेरचा डबा आत चालतो का हे प्रत्येक मैदानाचं वेगळं, संकेतस्थळावर बघून जा.

मेमध्ये रात्री थंडी, जूनमध्ये पाऊस, ऑगस्टमध्ये डास. पाऊस आला की पोरं धावत येऊन ताडपत्री ओढतात. पाच इनिंग झाल्यावर सामना थांबला तर निकाल ग्राह्य धरतात, त्याआधी धुऊन निघाला तर तुमचं तिकीट बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सामन्याला चालतं. ते फाडून टाकू नका.

क्रिकेटवाल्यांसाठी, थोडक्यात

नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही संघांना तीन-तीन आउट. फटका पुढच्या काटकोनातच मारायचा, मागे गेला तर फाउल. लेग ग्लान्स, लेट कट विसरा. नीट लागला की पळावंच लागतं, "नको नको" म्हणून परत पाठवायची सोय नाही, म्हणून बॅट टाकून पळतात. चार वाइड म्हणजे फुकट पहिला बेस, तीन स्ट्राइक (चांगला चेंडू सोडला किंवा बॅट फिरवून हुकला की एक) म्हणजे घरी. एवढ्यावर पहिला सामना निघतो. बाकीचं शेजारी बसलेल्याला विचारा. बेसबॉल समजावून सांगायला मिळणं ही अमेरिकन माणसासाठी पर्वणी असते.

स्कोअरकार्ड

इथे मात्र वेळ घालवा. आत शिरतानाच्या माहितीपुस्तिकेत बहुधा एक कोरा तक्ता असतो, नसेल तर घरून छापून न्या. पेन्सिल न्या, पेन नको.

मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग मागे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो, तरी आकडा ६. याचा त्रास पहिले दोन दिवस होतो. आता समजा पहिल्या बेसवर एक माणूस आहे. फलंदाजाने जमिनीलगत मारलं, शॉर्टस्टॉपने उचललं, दुसऱ्या बेसवर फेकलं, तिथून पहिल्यावर. दोघेही आउट. कार्डात लिहायचं ६-४-३. बस. तीन आकड्यांत चार सेकंदांची धावपळ. स्ट्राइकआउट झाला तर इंग्रजी ‘के’. फलंदाज बॅट न हलवता नुसता बघत राहिला आणि तिसरा स्ट्राइक पडला तर तोच ‘के’ उलटा, आरशात बघितल्यासारखा. बाबांना हा उलटा ‘के’ फार आवडला. "भोज्जा झाला," म्हणत ते तो जरा मोठाच काढायचे.

प्रत्येक चौकोनात एक छोटा पतंग असतो, बेसचा. माणूस जसा पुढे सरकेल तशी त्याची बाजू गिरवायची. पूर्ण फिरून आला की पतंग भरून काळा करायचा, ती धाव. रात्री घरी आल्यावर नुसता कागद धरला तरी सामना कुठे फिरला ते दिसतं, काळे पतंग जिथे एका उभ्या रांगेत आले तिथे.

आणखी एक फायदा, जो आम्हाला जुलैत कळला. या लीगमध्ये नावं पाठ करून उपयोग नसतो. मेमध्ये जो चौथ्या क्रमांकावर होता तो जुलैत कुठल्या तरी मेजर क्लबाच्या मायनर संघात, नाहीतर घरी. मुलासाठी मी हौसेने एका खेळाडूच्या नावाचा शर्ट घेतला होता. बारा दिवसांत तो खेळाडू गेला. तेव्हापासून बाबा खेळाडूंना आकड्यांनीच ओळखतात. आपला ६ आज जोरात आहे, आपल्या ८ ला उन्हाचा त्रास होतोय. नावं बदलतात, आकडे जागच्या जागी.

गुणतक्ता

इथे गुण नसतात, विजय आणि पराभव एवढेच. शेजारच्या रकान्यात ‘गेम्स बिहाइंड’ म्हणजे आघाडीवाल्यापेक्षा किती मागे. वरचा ४०-२५, आपण ३६-२८. विजयांतला फरक ४, पराभवांतला ३, बेरीज ७, निम्मे साडेतीन. जूनमध्ये साडेतीन म्हणजे काहीच नाही, ऑगस्टच्या अखेरीला डोंगर.

रोज सकाळी उघडायचं पान

लीगच्या संकेतस्थळावर ‘ट्रान्झॅक्शन्स’ नावाचं एक रूक्ष पान असतं. तारीख, संघ, नाव आणि एक ओळ. मला विचाराल तर स्वतंत्र लीगचा खरा हंगाम या पानावर घडतो. ‘साइन्ड’ म्हणजे घेतला. ‘रिलीज्ड’ म्हणजे सामान बांध. ‘करार अमुक क्लबाने विकत घेतला’ ही ओळ ज्याच्या नावापुढे आली त्याच्या घरी त्या रात्री कोणी झोपत नसावं. ‘निवृत्त’ असं पंचविशीतल्या पोरापुढे लिहिलेलं वाचलं की पहिल्यांदा विचित्र वाटतं. मग कळतं की त्याने नोकरी धरली.

ही उलथापालथ नुसती लहरीने होत नाही. खेळाडूंची वर्गवारी अनुभवाच्या वर्षांवर असते आणि संघात मुरलेले किती, नवखे किती याला बंधन असतं. वर एकूण पगाराची मर्यादा. त्यामुळे चांगला खेळणारा अनुभवी माणूसही कधीकधी निव्वळ गणित जुळेना म्हणून जातो. पगार मिळतो तो फक्त हंगामाच्या महिन्यांचा आणि तो बेताचा. म्हणून बरेच जण गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहतात, त्यांच्याच फ्रिजमधलं खातात. या यजमान कुटुंबांसाठी क्लब दर वसंतात विचारणा करतात. घरात रिकामी खोली असेल तर विचार करायला हरकत नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरी दोन पिचर राहायचे, मंगळवारचा कचऱ्याचा डबा तेच बाहेर काढायचे.

देवाणघेवाणीचे किस्सेही इथलेच. २००८ मध्ये कॅल्गरी व्हायपर्सने टेक्सासच्या लरेडो ब्रॉन्कोजला एक पिचर दिला आणि बदल्यात घेतल्या १० बॅट. जगभर हसू झालं. बॅट मात्र चांगल्या मेपलच्या होत्या म्हणे.

जुलैत मेजर लीगचा ड्राफ्ट होतो. तो झाला की पुढच्या आठवडाभरात हे पान भराभर वाढतं, कारण नाव न आलेली कॉलेजची पोरं फोन करू लागतात. त्याच सुमाराला आपला संघ बघून या. मेपासूनच्या थकलेल्या संघात अचानक तीन कोरे चेहरे दिसतील, पॅंटवर डाग नसलेले.

आणि एखादा माणूस वर गेल्याची घोषणा मैदानावर झाली तर बघा लोक काय करतात. आपला सर्वोत्तम फलंदाज, शर्यत ऐन रंगात आणि तो चालला. उभे राहून टाळ्या. बाबा पहिल्यांदा चिडले होते. "अहो, आपण हरणार आता!" शेजारच्या आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हटलं की यासाठीच तर येतो आपण. पुढच्या तीन सामन्यांत आम्ही खरंच हरलो.

नियम ऐकून दचकू नका

या लीग म्हणजे प्रयोगशाळा आहेत. स्ट्राइक की बॉल हे यंत्राने ठरवण्याचा पहिला जाहीर प्रयोग २०१९ मध्ये अटलांटिक लीगच्या ऑल-स्टार सामन्यात झाला. त्यातूनच घडलेली दाद मागायची पद्धत २०२६ पासून मेजर लीगमध्ये आली. पायोनियरमध्ये बरोबरी झाली तर जादा इनिंग नाहीत, सरळ होमरन मारायची स्पर्धा. फ्रंटियरने २०२१ मध्ये आणलेला नियम मला सर्वांत आवडतो. दहाव्या इनिंगनंतरही बरोबरी असेल तर यजमान मॅनेजरने निवडायचं, फलंदाजी की क्षेत्ररक्षण. पहिल्या बेसवर एक माणूस उभा करतात. फलंदाजी करणाऱ्याने एक धाव काढली तर तो जिंकला, नाही काढली तर समोरचा. सुपर ओव्हरची निम्मी आवृत्ती. नाणेफेकीवर आयुष्य काढलेल्या आपल्या लोकांना तो निर्णय बरोबर की चूक यावर गाडीत घरापर्यंत भांडता येतं.

सप्टेंबर

मुख्य हंगाम लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास संपतो, मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. तिकिटं तेव्हाही मिळतात, कारण शाळा सुरू झालेल्या असतात आणि लोकांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असतं. जमलं तर घरचा शेवटचा सामना चुकवू नका, आणि संपल्यावर लगेच निघू नका. खेळाडूंच्या पार्किंगकडे उभे राहा. गाड्यांच्या मागच्या सीटवर गाद्या, बॅटांच्या पिशव्या, एखादा छोटा फ्रिज, आणि नंबरप्लेटा टेक्सास, जॉर्जिया, ओरेगन अशा. कित्येक जण त्याच रात्री निघतात. सह्या तेव्हा सगळ्यात आरामात मिळतात, दोन शब्दही बोलतात. आमच्या शॉर्टस्टॉपने बाबांचं कार्ड हातात घेऊन स्वतःची ओळ वाचली आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, ही एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) नव्हती, हिट (फलंदाजाची कमाई) होती. बाबांनी खोडलं नाही.

थंडीत मैदानावर बर्फ असतो, पण ते पान चालूच राहतं. पुढच्या मोसमाचे करार, बदल्या, विक्री. बाबा नोव्हेंबरमध्ये पुण्याला परतले. तिथली सकाळ म्हणजे इथली रात्र, त्यामुळे दिवसभरातल्या नोंदी ते चहाबरोबर वाचतात आणि मला आधी कळवतात. फेब्रुवारीत एका रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि फोन वाजला. मेसेजमध्ये दोन शब्द होते, आणि शेवटी टाळ्यांचे तीन हात.

"६ गेला."